उत्तर मॅसिडोनिया : यूरोपीय संघ-प्रवेश
बाल्कन द्वीपकल्पातील उत्तर मॅसिडोनियाने यूरोपीय संघाचे (पहा : यूरोपीय संघ) सदस्यत्व मिळविण्यासाठी चालविलेली प्रक्रिया. यूगोस्लाव्हियापासून १९९१ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाला २००५ मध्ये उमेदवार देशाचा दर्जा मिळाला. परंतु प्रवेशाच्या प्रत्येक टप्प्यावर सर्व सदस्य-राष्ट्रांची संमती आवश्यक असल्याने शेजाऱ्यांचे आक्षेप निर्णायक ठरले. ‘मॅसिडोनिया’ हे या देशाचे तत्कालीन नाव आपल्या उत्तरेकडील प्रांताचेही असल्याने ग्रीसने त्यास हरकत घेतली. उभय देशांतील प्रेस्पा करारान्वये (२०१८) ‘उत्तर मॅसिडोनिया’ असे नामांतर मान्य झाले. मात्र त्यावरील सार्वमतात सुमारे ३७ टक्केच मतदान झाल्याने ते निर्णायक ठरले नाही आणि अखेरीस संसदेने घटनादुरुस्ती करून २०१९ मध्ये नवे नाव अंमलात आणले. त्यामुळे २०२० मध्ये नाटोचे (पहा : नाटो) सदस्यत्व मिळाले, तथापि त्याच वर्षी बल्गेरियाने भाषा व इतिहासविषयक मतभेदांवरून संघप्रवेशाच्या वाटाघाटी रोखल्या. फ्रान्सच्या तडजोडीनंतर २०२२ मध्ये त्या औपचारिकपणे सुरू झाल्या. परंतु राज्यघटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख करण्याच्या अटीस, जिच्यासाठी संसदेत दोन-तृतीयांश बहुमत लागते, राष्ट्रवादी पक्षांचा विरोध असून २०२४ मध्ये तेच सत्तेवर आले. एखाद्या सदस्य-राष्ट्राचा द्विपक्षीय वाद संघाच्या विस्तारप्रक्रियेची अट कसा बनतो, याचे हे प्रमुख उदाहरण मानले जाते (पहा : नकाराधिकार).