कवायतीच्या आधीचे स्वयंसेवक

आपत्तीसाठी तरुणांना तयार करायचं म्हटलं की आपल्याला खाकी गणवेश, शिट्टी आणि परेडचं मैदान आठवतं. ही पद्धत लष्कराकडून आली. तिच्या आधी आपल्याकडे स्वयंसेवक घडत होते ते जत्रेत, साथीत आणि दुष्काळात, आणि त्या परंपरेचा एक मोठा धागा पुण्याचा आहे. १९०५ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हा नव्या सदस्याला पाच वर्षांच्या उमेदवारीची अट घातली. अभ्यास करायचा, देश पाहायचा, हाताखाली काम करायचं आणि मगच पुढाकार घ्यायचा. राजकीय कार्यकर्ते घडवण्यासाठी आखलेली ही शिस्त संकटकाळी इतकी उपयोगी पडेल, असं खुद्द गोखल्यांना तरी वाटलं होतं की नाही कोण जाणे.

१९१५ च्या हरिद्वार कुंभात ती उपयोगी पडली. समाजाचं मोठं पथक तिथे गेलं होतं. प्रमुख होते हृदयनाथ कुंझरू, वय अवघं सत्तावीस, आणि वैद्यकीय जबाबदारी डॉ. देव यांच्याकडे होती. लाखोंच्या गर्दीत पटकीची भीती कायमची, म्हणून डॉ. देवांनी शौचासाठी खड्डे खणून घेतले. पण त्यांची देखभाल पगारी भंग्यांवर सोडावी लागत होती. मदतीला आलेल्या गांधींच्या फिनिक्स आश्रमाच्या तुकडीने मैल्यावर माती टाकायचं ते काम मागून घेतलं. (गांधी स्वतः मात्र बराच वेळ तंबूत लोकांना दर्शन देण्यात अडकले.) दोन वर्षांनी बिहारमधल्या चंपारण्यात गांधींनी गावोगावी शाळा उघडल्या, तेव्हा तिथे हेच डॉ. देव होते आणि मुंबईहून अवंतिकाबाई गोखल्यांसारख्या कार्यकर्त्याही गेल्या होत्या. शाळा चालवणाऱ्या या स्वयंसेवकांच्या हाती औषधं तीनच : एरंडेल, क्विनीन आणि गंधकाचं मलम. जीभ पांढरी दिसली तर एरंडेल, ताप असेल तर आधी एरंडेल आणि मग क्विनीन, खरजेला अंग नीट धुऊन मलम. याहून अवघड काही निघालं की डॉक्टरांकडे. आपल्याला काय जमतं आणि कुठे थांबायचं, हे इतक्या नेमकेपणाने ठरवून देणारं प्रशिक्षण आजही सहसा आढळत नाही.

हेच कुंझरू १९४६ मध्ये राष्ट्रीय छात्रसेनेची आखणी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. १९४८ च्या कायद्याने ही छात्रसेना, म्हणजे एनसीसी, उभी राहिली. तिच्या उद्दिष्टांत नेतृत्वाबरोबर सेवेचा आदर्शही होता, पण साचा सैन्याचा होता. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये ती महाविद्यालयांत सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. सक्ती पाच वर्षंच टिकली, यात मला नवल वाटत नाही. कवायत हुकूम पाळायला शिकवते, आणि पूर-भूकंपाच्या पहिल्या काही तासांत हुकूम देणारा बहुधा जागेवर नसतो. यावर कुणी म्हणेल, शिस्तीशिवाय गर्दी आवरणार कशी? खरं आहे. हरिद्वारच्या पथकातही शिस्त होतीच. पण ती तिथल्या रोजच्या कामातून आली होती.

याहून गंभीर आक्षेप संख्येचा आहे. मूठभर सुशिक्षित, बहुतेक उच्चवर्णीय तरुणांच्या सेवाभावावर एवढा मोठा देश कसा चालेल? १९५४ च्या प्रयाग कुंभातली चेंगराचेंगरी पाहिली की शासनाच्या यंत्रणेला पर्याय नाही हे मान्य करावंच लागतं. शेकडो माणसं त्यात दगावली. स्वयंसेवक रस्ता रुंद करू शकत नाही की पूल बांधू शकत नाही. त्या तरुणांची सेवा कधी कधी वरून खाली पाहणारी होती, हेही नाकारता येत नाही. पण याचा अर्थ एवढाच की ती उमेदवारी अधिक मुलांपर्यंत, अधिक जातींपर्यंत पोचायला हवी होती. १९६९ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना त्या दिशेची होती. गावात वर्षभर काम करायचं, शिबिर त्यातलाच एक भाग, ही तिची मूळ कल्पना. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी शिबिरच उरलं. अलीकडच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकाचं प्रशिक्षण बारा दिवसांचं आहे. प्रथमोपचार, सुटका, बचावाचं किट, सगळं त्यात आहे आणि ते आवश्यकच आहे. पण तेराव्या दिवसापासून पुढच्या पुरापर्यंत त्या मुलाच्या हाती कोणतं काम द्यायचं, हे आता प्रत्येक जिल्ह्याने ठरवायला हवं.