हिंदू आणि मुस्लिम किती वेगळे? लोकांना वाटणारा फरक आणि प्रत्यक्षातला फरक

भारतात हिंदू आणि मुस्लिम शेकडो वर्षे शेजारी राहत आले आहेत. तरीही 'तुम्ही एकमेकांसारखे आहात की वेगळे?' असे विचारले, तर दोन्हीकडून बहुतेक वेळा एकच उत्तर येते: खूप वेगळे. या उत्तरात खरे किती, ऐकीव किती आणि सवयीचे किती, हे या लेखात पाहू.

सर्वेक्षण काय सांगते?

अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळात भारतातील जवळपास ३० हजार प्रौढांच्या मुलाखती १७ भाषांत घेतल्या. अहवाल जून २०२१ मध्ये आला. त्यात ६६ टक्के हिंदूंनी आपण मुस्लिमांपेक्षा खूप वेगळे असल्याचे सांगितले आणि ६४ टक्के मुस्लिमांनी आपण हिंदूंपेक्षा खूप वेगळे असल्याचे सांगितले.

पण याच लोकांनी आणखीही काही सांगितले. खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणे फार महत्त्वाचे आहे, असे एकूण ८४ टक्के लोकांना वाटते. आपला धर्म पाळण्याचे पूर्ण स्वातंत्र्य आपल्याला आहे, असे सुमारे ९१ टक्के हिंदू आणि जवळपास तितकेच मुस्लिम म्हणतात. कर्मावर विश्वास ठेवणाऱ्यांचे प्रमाण तर दोन्हींत सारखेच, ७७ टक्के, निघाले.

म्हणजे 'ते वेगळे आहेत' याचा अर्थ 'ते वाईट आहेत' असा होत नाही. बहुतेकांच्या मनात 'त्यांचे त्यांनी पाळावे, आमचे आम्ही पाळू' अशी भावना असते. ती द्वेषाची नाही, पण अंतर राखणारी आहे.

खरे फरक कोणते?

फरक नाहीतच, असे म्हणणे बरोबर ठरणार नाही. इस्लाममध्ये एकच अल्लाह आणि मूर्तिपूजेला मनाई आहे. हिंदू परंपरेत एका देवापासून अनेक देवांपर्यंत आणि मूर्तीपासून निर्गुणापर्यंत सगळ्यांना जागा आहे. मुस्लिम दफन करतात, तर बहुतेक हिंदू दहन करतात.

इस्लामी वर्ष चंद्रावर चालते आणि सुमारे ३५४ दिवसांचे असते, त्यामुळे रमजान कधी उन्हाळ्यात तर कधी हिवाळ्यात येतो. हिंदू पंचांग अधिक महिना धरून सूर्याशी जुळवून घेते, म्हणून दिवाळी पावसाळ्यात येत नाही.

खाण्यातल्या मर्यादा दोघांच्याही ठाम आहेत. प्यूच्या पाहणीत ७२ टक्के हिंदूंनी गोमांस खाणारा हिंदू असू शकत नाही असे म्हटले, तर ७७ टक्के मुस्लिमांनी डुकराचे मांस खाणाऱ्याबद्दल तसेच म्हटले. पदार्थ वेगळे असले, तरी 'काय खात नाही' यावरून आपला कोण हे ओळखण्याची रीत एकच आहे.

कायद्यातही फरक आहे. हिंदूंना १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने द्विभार्येची मनाई केली. मुस्लिमांच्या विवाह आणि वारशाला बहुतेक राज्यांत १९३७ च्या शरियत कायद्यानुसार त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो.

मग जैन जवळचे का वाटतात?

जैन धर्म जगाचा निर्माता ईश्वर मानत नाही आणि वेदांचे प्रामाण्यही स्वीकारत नाही. म्हणजे तत्त्वज्ञान पाहिले, तर अनेक हिंदू परंपरांपासून तो बराच दूर आहे. तरी त्याच सर्वेक्षणात सुमारे दोन तृतीयांश जैनांनी हिंदूंशी आपले बरेच साम्य असल्याचे सांगितले.

याचा अर्थ, जवळचे-लांबचे ठरवताना लोक धर्मग्रंथ उघडून पाहत नाहीत. सण कुठले, ताटात काय आहे, नावे कशी आहेत, लग्नाला कोण येते, यावरून ते ठरते. फरक मोजण्याची पट्टी श्रद्धेची कमी आणि रोजच्या व्यवहाराची जास्त आहे.

धर्माचा वाटणारा, पण प्रांताचा असलेला फरक

काही गोष्टी आपण धर्माच्या खात्यात टाकतो, पण त्या प्रदेशाच्या असतात. चुलत-मामे भावंडांतील लग्न हे सोपे उदाहरण. उत्तर भारतातील अनेक हिंदूंना ही फक्त मुस्लिमांची चाल वाटते. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत मात्र अनेक हिंदू जातींत मामाच्या मुलीशी लग्न पूर्वापार चालत आले आहे. जिथे अशी रूढी आहे, तिथे हिंदू विवाह कायद्यानेही तिला वाट ठेवली आहे.

भाषेचेही तसेच. 'मुस्लिमांची भाषा उर्दू' हा सर्रास समज आहे. पण बंगालचा मुस्लिम बांगला बोलतो आणि केरळचा मल्याळम. कोकणातील अनेक मुस्लिम घरांत मराठी किंवा कोकणी बोलली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम साडेअकरा टक्के होते, तर मातृभाषा उर्दू सांगणारे सात टक्क्यांहून कमी.

जात फक्त हिंदूंत असते, हाही असाच समज. इस्लामची शिकवण समतेची असली, तरी व्यवहारात बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा बिरादऱ्या आहेत आणि महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत त्यांचा समावेश आहे. गावच्या बाजारात बागवान फळे विकतो आणि माळी भाजी पिकवतो. दोघांची रोजची चिंता पाऊस आणि भाव हीच असते.

आकड्यांना न जुळणारे समज

सर्वांत पसरलेला समज लोकसंख्येचा आहे. १९५१ मध्ये देशात मुस्लिम ९.८ टक्के होते, २०११ मध्ये १४.२ टक्के झाले. हिंदूंचे प्रमाण याच काळात ८४.१ वरून ७९.८ टक्क्यांवर आले. हा बदल खरा आहे. पण त्यावरून पुढचा अंदाज बांधताना जन्मदराकडे पाहावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये एका मुस्लिम स्त्रीला सरासरी ४.४ मुले होत होती, २०१९-२१ मध्ये २.४. हिंदू स्त्रियांत हाच आकडा ३.३ वरून १.९ वर आला. दोन्हीकडे घट झाली, मुस्लिमांत ती अधिक वेगाने झाली, आणि मधले अंतर एका मुलाहून जास्त होते ते अर्ध्याहून कमी झाले. मुलींचे शिक्षण, उत्पन्न आणि आरोग्यसेवा यांचा जन्मदराशी जवळचा संबंध आहे, त्यामुळे राज्याराज्यांतला फरक अनेकदा धर्माधर्मांतल्या फरकाहून मोठा दिसतो.

दुसरा समज बहुपत्नीत्वाचा. कायद्याची मुभा असल्यामुळे ही चाल मुस्लिमांत सर्रास असावी, असे धरले जाते. त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात नवऱ्याला आणखी बायको असल्याचे सांगणाऱ्या विवाहित स्त्रिया मुस्लिमांत १.९ टक्के होत्या आणि मनाई असलेल्या हिंदूंत १.३ टक्के. फरक आहे, पण तो समजाएवढा नाही.

रेषा ठळक कशी झाली?

१८७२ पासून इंग्रज सरकारने देशभर जनगणना सुरू केली आणि प्रत्येकाला धर्माच्या एका रकान्यात बसावे लागले. सगळे सहज बसत नव्हते. १९११ मध्ये मुंबई इलाख्यात दोन्हीकडच्या चाली पाळणाऱ्या काही गटांची नोंद 'हिंदू-मुहम्मदन' अशी झाली, तेव्हा वरिष्ठांनीच त्यावर आक्षेप घेतला. त्याआधी, १९०९ मध्ये मुस्लिमांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आले आणि धर्म हा राजकीय गटही बनला. १९४७ च्या फाळणीतील हिंसाचाराने या रेषेला भीतीची धार दिली. फरक त्याआधीही होते, पण 'आम्ही इतके आणि ते इतके' असा विचार मोजणीनंतर रुजला.

अंतराचा परिणाम

प्यूच्या पाहणीत हिंदू आणि मुस्लिम या दोघांतही बहुतेकांचे जवळचे मित्र मुख्यतः स्वधर्मीय निघाले. आपल्या स्त्रियांची परधर्मात लग्ने थांबवणे फार महत्त्वाचे आहे, असे ६७ टक्के हिंदू आणि ८० टक्के मुस्लिम म्हणाले. शेजारी मुस्लिम नको, असे ३६ टक्के हिंदूंनी सांगितले. शेजारी हिंदू नको म्हणणारे मुस्लिम १६ टक्के होते.

या शेवटच्या आकड्याचा अर्थ शहरात घर शोधताना कळतो. पगार, कागदपत्रे सगळे नीट असते, आणि नाव सांगितल्यावर 'जागा गेली' असे उत्तर येते. मग माणूस आपल्यांच्या वस्तीत जातो आणि बाहेरचे म्हणतात, 'ते आमच्यात मिसळतच नाहीत.' मुले वेगळ्या गल्लीत खेळतात, वेगळ्या शाळेत जातात आणि एकमेकांची माहिती त्यांना मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरातून मिळते. अंतरामुळे समज वाढतात आणि समजांमुळे अंतर वाढते.

हे चक्र थांबवता येते का? राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दंगली होणाऱ्या आणि न होणाऱ्या शहरांच्या जोड्या तपासल्या, उदाहरणार्थ अलीगढ आणि कालिकत. जिथे व्यापारी संघटना, कामगार संघटना, क्लब अशा संस्थांत दोन्ही धर्मांचे लोक एकत्र असतात, तिथे अफवा दंगलीपर्यंत पोचण्याआधीच विझण्याची शक्यता जास्त, असे त्यांना आढळले. नुसती शेजारची ओळख लहान गावात पुरते, मोठ्या शहरात पुरत नाही.

महाराष्ट्रात याचे उदाहरण भिवंडी आहे. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे मोठ्या दंगली झाल्या. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांचे रहिवासी पोलिसांसोबत नियमित बसू लागले, भांडण लहान असतानाच मिटवू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा जवळची भिवंडी शांत राहिली. तिथे कोणाची श्रद्धा बदलली नव्हती. अफवा आली तर समोरच्या गल्लीत कोणाला विचारायचे, हे मात्र लोकांना माहीत झाले होते.

थोडक्यात

हिंदू आणि मुस्लिम यांच्यात श्रद्धा, विधी, खाणे आणि कौटुंबिक कायदा यांत खरे फरक आहेत. भाषा, नातेसंबंध, जात यांसारखे काही फरक धर्माचे वाटतात, पण बरेचसे प्रांताचे आणि समाजाचे असतात. लोकसंख्या आणि बहुपत्नीत्व यांबाबतचे समज आकड्यांपेक्षा बरेच मोठे आहेत. म्हणून 'ते वेगळे आहेत' हे वाक्य पुढच्या वेळी ऐकले, की एक प्रश्न विचारून पाहावा: कोणत्या बाबतीत, आणि हे आपल्याला कोणाकडून कळले?