मूकपटातील शहरी संसार : 'गुणसुंदरी' (१९२७) आणि रत्नागिरीचे चाकरमानी

प्रस्तावना : भारतीय मूकपटाच्या प्रारंभकाळावर पौराणिक कथांचा प्रभाव होता. १९२० नंतर मात्र सामाजिक विषय पडद्यावर येऊ लागले. मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीसाठी चंदुलाल शहा यांनी १९२७ साली दिग्दर्शित केलेला 'गुणसुंदरी' हा त्यांपैकी महत्त्वाचा चित्रपट होय. त्यात गोहर यांची प्रमुख भूमिका होती. शहरातील सामान्य दांपत्यजीवनाची त्यात मांडणी कशी झाली आणि त्याच काळातील रत्नागिरीच्या कुटुंबांचा तिच्याशी काय संबंध पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कथासूत्र : घरकामात बुडालेली कर्तव्यदक्ष पत्नी आणि दिवसभराच्या कामाने थकून घराबाहेर सुख शोधणारा पती, असा येथील संघर्ष आहे. पत्नीने केवळ गृहिणी न राहता पतीची सहचारिणी व्हावे, हा त्याचा निष्कर्ष. गोवर्धनराम त्रिपाठी यांच्या 'सरस्वतीचंद्र' या गुजराती कादंबरीतील गुणसुंदरी एकत्र कुटुंबाचा भार वाहते. चित्रपटातील समस्नाम नायिकेपुढील प्रश्न मात्र पती-पत्नी या दोघांपुरता आहे. तिला उंबरठ्याबाहेर येण्याची मुभा मिळते, परंतु संसार सावरण्याची जबाबदारीही तिच्यावरच पडते. ही या सुधारणावादाची मर्यादा होय.

पडद्याबाहेरचा संसार : मुंबईत तेव्हा स्त्रियांची संख्या पुरुषांच्या जवळजवळ निम्मी होती. तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील असंख्य पुरुष गिरण्यांत राबत, खोलीत दाटीवाटीने राहत व खाणावळीत जेवत. पत्नी गावी शेती, मुले आणि वृद्ध सांभाळी. त्यांचे दांपत्यजीवन मनीऑर्डर, पत्रे आणि शिमगा-गणपतीच्या रजेवर चालत असे. सहचर्याचा उपदेश ज्यांना एकत्र राहणे परवडते, त्यांनाच लागू पडतो. बाबुराव पेंटर यांच्या 'सावकारी पाश' (१९२५) मध्ये जमीन गमावलेला शेतकरी शहरात येऊन गिरणी कामगार होतो. परंतु विभक्त संसार हा स्वतंत्र विषय म्हणून 'गुणसुंदरी'च्या कक्षेत आला नाही.

निष्कर्ष : शहा यांनी १९३४ साली हेच कथानक बोलपटात आणले, यावरून त्याची लोकप्रियता दिसते. तथापि या चित्रपटांतील घर म्हणजे महानगरातील सर्वसामान्य घर, असे गृहीत धरणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने योग्य ठरणार नाही. मुंबईच्या संसाराचा अर्धा भाग कोकणात होता. तो समजून घेण्यासाठी चित्रपटांच्या जोडीला गावाकडील स्त्रियांच्या ओव्या, पत्रे व मौखिक आठवणी यांचेही संकलन होणे आवश्यक आहे.