न्यायाधीशपद ते कायदामंत्रिपद

राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत निराजी रावजी न्यायाधीश होते. दिवाणी-फौजदारी तंटे तोडणे आणि निवाडपत्रांवर संमतीची खूण करणे हे त्यांचे काम. अष्टप्रधानांपैकी न्यायाधीश आणि दानधर्म पाहणारे पंडितराव या दोघांवरच लष्करी जबाबदारी नव्हती. मंत्री आणि न्यायमूर्ती मात्र एकच व्यक्ती होती, आणि त्या काळी त्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते.

पेशवाईत सत्तेचे केंद्र साताऱ्याहून पुण्यात आले आणि न्यायाधीशाची कचेरीही पुण्यात स्थिरावली. बहुतेक तंटे मात्र कचेरीपर्यंत येतच नसत. वतनाचा वाद गोतसभेपुढे किंवा पंचांपुढे चाले. निकाल मान्य करू असा राजीनामा दोन्ही पक्ष आधीच लिहून देत, निवाडा महजरात नोंदला जाई. जिंकणारा सरकारला हरकी देई, हरणारा गुन्हेगारी. म्हणजे न्याय हे सरकारच्या उत्पन्नाचेही एक साधन होते, ही या व्यवस्थेची मोठी उणीव.

या पदाला खरे वजन आणले ते क्षेत्र माहुलीच्या रामशास्त्री प्रभुणे यांनी. काशीत शिकून ते पेशव्यांच्या सेवेत आले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यात त्यांचे काका आणि त्यांच्यानंतर पेशवे झालेले रघुनाथराव यांचा हात असल्याचे रामशास्त्र्यांनी ठरवले आणि देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडले, अशी परंपरा आहे. पुढे रघुनाथरावांविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांच्या, म्हणजे बारभाईंच्या, राजवटीत ते परतले आणि १७८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. निकाल बजावायला त्यांच्या हाती फौज नव्हती, आणि पेशव्याच्या कृपेवर चालणाऱ्या पदावरून पेशव्याला दोषी ठरवण्याची सोय कोणत्याही कायद्यात नव्हती. म्हणून त्यांचे धैर्य वैयक्तिकच राहिले. पदाला त्यातून संरक्षण मिळाले नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रज प्रशासक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने आपल्या अहवालात पंचायतीचे महत्त्व मान्य केले, तरी १८२७ च्या संहितेने मुंबई इलाख्यात अदालतींचीच चौकट पक्की केली. १८६२ मध्ये मुंबईत उच्च न्यायालय सुरू झाले. कायद्यांचे मसुदे करणे गव्हर्नर जनरलच्या कार्यकारी मंडळातील विधी सदस्याकडे होते. १८३४ पासून मेकॉले हा पहिला विधी सदस्य. निवाडा करणारा आणि कायद्याचा मसुदा करणारा, असे दोन वेगळे अधिकारी इथे प्रथमच दिसतात.

स्वातंत्र्यानंतर विधी सदस्याच्या जागी मंत्री आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४७ मध्ये देशाचे पहिले कायदामंत्री झाले. हिंदू कोड बिल रखडले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. विवाह आणि वारसाहक्काचे कायदे १९५५-५६ मध्ये तुकड्यातुकड्यांनी झाले. कायदामंत्र्याच्या हाती निकाल नसला तरी समाजाची घडी बदलण्याचे सामर्थ्य असते, हे त्या चार वर्षांनी दाखवले. त्याच पदाची दुसरी बाजू मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश ह. रा. गोखले यांच्या काळात दिसली. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून सरन्यायाधीश नेमला गेला आणि १९७६ मध्ये न्यायालयांचे अधिकार आवळणारी ४२ वी घटनादुरुस्ती झाली. न्यायाधीश नेमण्यातील सरकारचा वरचष्मा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालाने संपवला.

महाराष्ट्रात हे काम मंत्रालयातील विधी व न्याय विभाग पाहतो. मसुदे आणि सरकारी वकिलांबरोबरच धर्मादाय आयुक्तांची यंत्रणाही याच विभागाखाली आहे. पंडितरावांकडचा दानधर्माचा कारभार, वेगळ्या स्वरूपात का होईना, आता न्यायखात्याकडे आला आहे.