मज्जातंतूंच्या मराठी नावांचा इतिहास : मान, खांदा आणि बाहू

मराठीत शरीराच्या बाह्य अवयवांची नावे बहुतांशी परंपरेने चालत आलेली आहेत. ‘मन्या’पासून मान, ‘स्कंध’पासून खांदा, ‘कक्षा’पासून काख आणि ‘कूर्पर’पासून कोपर ही रूपे लोकांच्या जिभेवर घासत घासत आजच्या अवस्थेला आली. ती कोणा पंडिताने घडविलेली नाहीत. परंतु मानेतून निघून हाताच्या बोटांपर्यंत जाणारे जे पांढरे दोर, ज्यांच्यावाचून हात हलत नाही आणि त्याला स्पर्शही कळत नाही, त्यांना मराठीत असे वंशपरंपरेचे स्वतंत्र नाव नाही. लोक त्यांना शीर किंवा नस म्हणतात. तथापि ‘सिरा’पासून आलेला शीर हा शब्द रक्तवाहिनीलाही लागतो आणि हाडाला स्नायू जोडणाऱ्या चिवट दोरीलाही लागतो. शिरा ताणून ओरडणाऱ्याच्या गळ्यावर दिसते ती शीर एक, डोक्याची उठते ती दुसरी आणि मान अवघडल्यावर दबली म्हणतात ती तिसरी. या अभावाची कारणे शब्दांच्या इतिहासात शोधणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम वस्तूचा परिचय करून घेणे इष्ट आहे. मानेत मणके सात, पण त्यांच्या अनुषंगाने निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या आठ असतात. यांपैकी पाचव्यापासून आठव्यापर्यंतचे चार तंतू आणि छातीच्या भागातील पहिला असे पाच तंतू प्रत्येक बाजूस एकत्र येतात. त्यांचे तीन जाड बुंधे होतात. प्रत्येक बुंधा दुभागतो आणि त्या सहा शाखांची पुनश्च जुळणी होऊन काखेत तीन दोर तयार होतात. त्यांतून हाताचे पाच मुख्य मज्जातंतू निघतात. हासळीच्या हाडामागून काखेत उतरणाऱ्या या गुंफणीस वैद्यकात ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. पाचांपैकी एक खांदा उचलतो, दुसरा कोपर वाकवितो. तिसरा, रेडियल, दंडाच्या हाडामागून वळसा घेऊन मनगट व बोटे सरळ करतो. चौथा, मीडियन, मनगटाच्या मध्यातून तळव्यात शिरून अंगठा व त्याच्या शेजारच्या बोटांकडे जातो. पाचवा, अल्नर, कोपराच्या आतल्या उंचवट्यामागून करंगळीकडे जातो. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत ज्या झिणझिण्या येतात त्या याच्याच होत.

या रचनेच्या बिघाडाची लक्षणे प्राचीन वैद्यांना अज्ञात नव्हती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात एकशे सात मर्मे सांगितली आहेत. त्यांपैकी छाती व काख यांच्यामधील ‘कक्षधर’ मर्मास इजा झाल्यास पक्षाघात होतो, मान व बाहू यांच्यामधील ‘अंस’ मर्मास इजा झाल्यास बाहू ताठरतो आणि ‘अंसफलक’ मर्मास इजा झाल्यास बाहूस बधिरता येऊन तो वाळतो, असे तेथे म्हटले आहे. बधिरता आणि शोष ही दोन लक्षणे एकत्र नोंदविणे हे सूक्ष्म निरीक्षणाचे द्योतक आहे. मज्जातंतू निकामी झाल्यास आजही हीच जोडी दिसते. वातरोगांत ‘विश्वाची’ नावाचा विकार आहे. त्यात बाहूच्या मागील बाजूने बोटांकडे जाणारी कंडरा दूषित होऊन हाताचे कर्म नाहीसे होते. हा मार्ग रेडियल तंतूच्या मार्गाशी बराच मिळताजुळता आहे.

परंतु यावरून सुश्रुतास मज्जातंतू ठाऊक होते असे अनुमान काढणे युक्त नव्हे. कंडरा म्हणजे जाड दोरीसारखे बंधन. त्यातून स्पर्शाचे ज्ञान वाहते असे तेथे म्हटलेले नाही. सुश्रुताची विच्छेदनपद्धतीही येथे लक्षात घेतली पाहिजे. गवतात गुंडाळलेले प्रेत वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवून, ते कुजल्यावर कुंच्याने हळूहळू घासून एकेक थर पाहावयाचा, अशी ती पद्धत होती. हाडे, सांधे व बंधने या रीतीने उत्तम दिसतात. मऊ पांढरा तंतू मात्र या घासणीत शेजारच्या बंधनापासून वेगळा ओळखू येणे कठीण होते. लक्षण अचूक सापडले, पण त्याचा वाहक वेगळा झाला नाही. म्हणून त्याला वेगळे नावही मिळाले नाही.

ग्रीक वैद्यकाचा आरंभही याच गोंधळात झाला, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ग्रीक ‘न्यूरॉन’ व लॅटिन ‘नर्वस’ या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ दोरी, धनुष्याची प्रत्यंचा, शरीरातील बंधन असाच होता. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे हिरोफिलस व एरासिस्ट्रेटस यांनी मेंदू व पाठीचा कणा यांच्याशी जोडलेले तंतू बंधनांपासून वेगळे काढले आणि जुन्याच शब्दाला नवा अर्थ दिला. इ. स. दुसऱ्या शतकात रोममधील गॅलेनने या ज्ञानाचा उपयोग कसा होतो ते दाखविले. पौसानियस नावाचा मनुष्य गाडीवरून पडल्यानंतर त्याची करंगळी, अनामिका व मधल्या बोटाचा अर्धा भाग बधिर झाला. इतर वैद्य बोटांवर लेप लावीत राहिले. गॅलेनने मात्र पडताना मार कोठे बसला ते विचारले, मानेच्या तळाशी उपचार केला आणि बोटे बरी झाली. दुखणे बोटात व कारण मानेत, हा निर्णय घेण्यास दोहोंना जोडणाऱ्या तंतूची स्वतंत्र कल्पना मनात असावी लागते.

ग्रीक ‘न्यूरॉन’, लॅटिन ‘नर्वस’, वैदिक ‘स्नावन्’ आणि संस्कृत ‘स्नायु’ हे सर्व एकाच भारोपीय मूळ शब्दाचे वंशज आहेत. युरोपात या घराण्यातील शब्द बंधनावरून मज्जातंतूवर गेला. सुश्रुताने स्नायू नऊशे मोजले. नौकेच्या फळ्या दोरांनी बांधल्यामुळे ती भार वाहते, तसे शरीर स्नायूंनी बांधलेले आहे, हा त्याचा दृष्टान्त आहे. म्हणजे तेथे अर्थ बंधनाचाच आहे. आधुनिक भारतीय भाषांत मात्र या शब्दाच्या वाटा फुटल्या. बंगालीत ‘स्नायु’ म्हणजे मज्जातंतू. मराठीत व गुजरातीत तोच शब्द मांसल, आकुंचन पावणाऱ्या अवयवाचा वाचक झाला. त्या अवयवाला सुश्रुताचा शब्द ‘पेशी’ हा होता आणि त्याने पेशी पाचशे सांगितल्या आहेत. हिंदी व बंगालीत पेशीचा हा अर्थ टिकला आहे. मराठीत मात्र पेशी म्हणजे सजीवाचा सूक्ष्म घटक. त्यासाठी हिंदीत ‘कोशिका’ व बंगालीत ‘कोष’ हे शब्द आहेत.

म्हणजे मराठीत शब्दांची एक साखळीच सरकलेली दिसते. पेशीची जागा बदलली, पेशीच्या मूळ जागी स्नायू आला आणि स्नायूच्या घराण्याने ज्या अर्थापर्यंत इतरत्र मजल मारली तो अर्थ मराठीत बेवारस राहिला. याचा परिणाम केवळ कोशापुरता नाही. कक्षधर व अंस ही दोन्ही मर्मे सुश्रुताने ‘स्नायुमर्म’ या वर्गात घातली आहेत. मराठी वाचक या पदाचा अर्थ आपल्या भाषेतील स्नायू असा घेतो आणि बंगाली वाचक मज्जातंतू असा. मूळ ग्रंथकाराला दोन्ही अर्थ अभिप्रेत नाहीत. पहिला वाचक मर्माचे महत्त्व कमी करतो, दुसरा प्राचीनांच्या पदरी न मिळविलेले ज्ञान घालतो.

हा बेवारस अर्थ मराठीच्या दारी उभा राहिला तो इंग्रजी वैद्यकाबरोबर. मुंबईत १८२६ साली देशी वैद्यकशाळा निघाली, १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि शवविच्छेदन करून शिकलेले डॉक्टर तयार होऊ लागले. पुण्यात या नव्या विद्येचा जुन्या ग्रंथांशी आणि मराठी गद्याशी जो संबंध आला, त्याचे एक चिन्ह ‘केसरी’च्या इतिहासात सापडते. १८८१ साली निघालेल्या या पत्राच्या जाहिरनाम्यावर चिपळूणकर, टिळक, आगरकर व नामजोशी यांच्याबरोबर आणखी दोन नावे होती : कोशकार वामन शिवराम आपटे आणि डॉ. गणेश कृष्ण गर्दे. आपट्यांनी १८८४ साली इंग्रजी-संस्कृत आणि १८९० साली संस्कृत-इंग्रजी कोश दिला. गर्दे यांनी वाग्भटाच्या अष्टांगहृदयाचे मराठी भाषांतर ‘सार्थ वाग्भट’ या नावाने केले. पुढे १९०५ साली टिळकांनी नारायण पेठेतील गायकवाड वाडा घेतला आणि केसरीचे नाव त्या वाड्याशी कायमचे जोडले गेले. इंग्रजी शब्दाला संस्कृत प्रतिशब्द शोधणारा पंडित आणि प्राचीन शारीराचे मराठी करणारा डॉक्टर एका पत्राच्या जन्मकाळी एकत्र यावेत, हा योगायोग नव्हे. त्या काळच्या मराठी गद्यापुढे हेच काम होते.

या प्रयत्नांतून मज्जातंतूस एक नव्हे, अनेक नावे मिळाली. प्रत्येक नावाच्या पोटी त्या वस्तूविषयीची एक समजूत आहे. बाहूच्या रचनेवर घासून पाहिल्यास त्या समजुतीचा कस लागतो. ‘ज्ञानतंतू’ हा शब्द सुबोध आहे. परंतु रेडियल तंतू दुखावला असता सर्वांत ठळकपणे दिसते ते गळून पडलेले मनगट. तेथे ज्ञानापेक्षा क्रिया अधिक नष्ट होते आणि हे नाव त्या अर्ध्या कार्यास वगळते. ‘मज्जातंतू’ हा शब्द सर्वाधिक रुळला. त्यात मज्जा म्हणजे मेंदू व कण्यातील द्रव्य असे धरले आहे. संस्कृतात मात्र मज्जा ही हाडाच्या पोकळीतील. त्यामुळे शिकणाऱ्यास एका शब्दाचे दोन अर्थ सांभाळावे लागतात. गणनाथ सेन यांनी ‘प्रत्यक्षशारीरम्’ या संस्कृत ग्रंथात ‘नाडी’ हा शब्द योजला. सिरा, धमनी, स्नायू व नाडी यांची त्यांनी केलेली वाटणी अत्यंत रेखीव आहे. परंतु मराठी माणूस नाडी पाहतो ती मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, आणि ती रक्तवाहिनी असते. त्याच मनगटात मीडियन तंतू बोटे वाकविणाऱ्या नऊ दोऱ्यांसह एका अरुंद बोगद्यातून जातो. नाडी, दोऱ्या आणि तंतू हे तिन्ही जेथे बोटभर अंतरात आहेत तेथेच हा शब्द घोटाळा करतो. ‘चेता’ हा शब्द शालेय पुस्तकांतून आला आणि ‘तंत्रिका’ हा मराठी विश्वकोशाने स्वीकारला. दोन्ही आटोपशीर आहेत, दोहोंपासून सामासिक शब्द सहज होतात आणि पूर्वीच्या अर्थाचे ओझे दोहोंवर फारसे नाही.

कोशकार्याने या शब्दांची नोंद केली. पुण्यात दाते व कर्वे यांनी सहकाऱ्यांसह १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग सिद्ध केले आणि १९४८ साली शास्त्रीय परिभाषा कोश दिला. १९६० साली राज्यात भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर परिभाषेचे काम शासनाकडे आले. परंतु कोश निवड सुचवितो, ती लादू शकत नाही. शब्द रूढ होतो तो वर्ग, वृत्तपत्र, दवाखाना आणि घर या चारही ठिकाणी एकच ऐकू आला तर. येथे तसे घडलेले नाही. नारायण पेठेतील एखाद्या घरात शाळकरी मुलगी चेता म्हणते, वृत्तपत्र वाचणारे आजोबा मज्जातंतू म्हणतात, आयुर्वेद शिकणारा मुलगा नाडी म्हणतो आणि ज्यांच्या हाताला मुंग्या येतात त्या आजी नस म्हणतात. चौघेही एकाच दोराविषयी बोलत असतात.

यात जे गमावते ते शैलीचे सौंदर्य नव्हे. बोटे बधिर झालेल्या रुग्णास मान तपासावयाची आहे असे सांगितले असता, त्याच्या मनातील शीर जर रक्ताची असेल, तर बोट व मान यांचा संबंध त्याला कळत नाही. मग पौसानियसच्या बोटांवरील लेपाप्रमाणे तो हातालाच तेल चोळीत राहतो. मराठीने बधिरता, शोष, मुंग्या, झिणझिण्या, चमक ही लक्षणे बारकाईने वेगळी केली. त्या लक्षणांच्या वाहकास सर्वांनी मिळून एक नाव देण्याचे काम मात्र अपुरे राहिले आहे. त्यासाठी आणखी एक नवा शब्द घडविण्याची आवश्यकता नाही. आहेत त्यांपैकी एकास शाळेपासून दवाखान्यापर्यंत सातत्याने वापरणे एवढेच पुरेसे आहे. मान, खांदा, काख व कोपर हे शब्दही याच मार्गाने, म्हणजे वापराने, मराठी झाले.