मणिबेली ते कुर्ला : एका रस्त्याची पूर्वकथा

१/ साष्टी बेटावर वसलेल्या मुंबई उपनगरांत लोहमार्ग उत्तर-दक्षिण धावतात. पूर्व-पश्चिम जोडणारे मोठे रस्ते मात्र थोडेच होते. ही उणीव दूर करण्यासाठी जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याचे रुंदीकरण आणि सांताक्रूझ-चेंबूर हा नवा जोडरस्ता अशी दोन कामे ठरली.

२/ पैसा जागतिक बँकेचा होता. जून २००२ मध्ये ‘मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पा’साठी बँकेने ५४ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्यातील मोठा वाटा रेल्वेचा. या कामांसाठी एक लाखाहून अधिक माणसांचे स्थलांतर करावे लागणार होते.

३/ कुर्ल्याच्या दुकानदारांचा आक्षेप साधा होता : दुकान कितीही मोठे असले, तरी मोबदल्यात विनामूल्य जागा २२५ चौरस फुटांचीच का? २००४ मध्ये त्यांनी थेट बँकेच्या ‘इन्स्पेक्शन पॅनेल’कडे तक्रार नेली.

४/ कर्ज देणाऱ्या बँकेविरुद्ध बँकेच्याच दारात दाद मागण्याची ही सोय आली कोठून? तिचा उगम नर्मदेच्या काठी आहे.

५/ सरदार सरोवरासाठी बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे बुडिताच्या तोंडावरचे महाराष्ट्रातील पहिले गाव. आज ते नंदुरबार जिल्ह्यात आहे, तेव्हा धुळ्यात होते. तेथील आदिवासींनी गाव सोडण्यास नकार दिला.

६/ वाढत्या विरोधामुळे बँकेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. १९९२ च्या मोर्स अहवालाने पुनर्वसनातील गंभीर त्रुटी मांडल्या आणि बँकेने मागे सरावे असे सुचवले. मार्च १९९३ मध्ये भारताने उर्वरित कर्ज नाकारले. त्याच वर्षी सप्टेंबरात बँकेने इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केले.

७/ या पॅनेलला आदेश देता येत नाही. ते चौकशी करून अहवाल देते. परंतु मुंबईविषयीचा डिसेंबर २००५ चा अहवाल कठोर होता. १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्ते व पुनर्वसन यांचा निधी थांबवला. सुधारणांची हमी मिळाल्यावर जूनअखेरीस तो पुन्हा सुरू झाला.

८/ सांताक्रूझ-चेंबूर रस्ता अखेर एप्रिल २०१४ मध्ये खुला झाला. त्याच्या विलंबाची चर्चा पुष्कळ झाली. त्या विलंबात विस्थापितांचे म्हणणे ऐकले गेल्याचे काही महिनेही होते, आणि ती वाट प्रथम मोकळी केली होती नर्मदाकाठच्या माणसांनी. त्यांची स्वतःची गावे मात्र पाण्याखाली गेली.