पावडरीला नाव होतं, घासणाऱ्या हाताला नव्हतं

परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बी विंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या एका ताईंनी दोन फोटो टाकले. किचनची चिमणी, घासण्याआधी आणि घासल्यानंतर. खाली त्यांचं नाव, नंबर आणि "अंधेरी ते गोरेगाव, रविवारीही येऊ". पाच मिनिटांत ॲडमिनची तंबी आली, ग्रुपवर जाहिराती नकोत. तोवर तिघांनी नंबर सेव्ह केला होता. त्यातला एक मी.

त्यावरून हे लिहितोय. विषय आपल्या अंधेरीचाच आहे म्हणा ना!

चकाल्याला बी. डी. सावंत मार्गावर हिंदुस्तान युनिलिव्हरचं मुख्य ऑफिस आहे. पूर्वी ते चर्चगेटजवळ, बॅकबे रेक्लमेशनला होतं. या घराण्याचा सनलाइट साबण १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला. १९५९ मध्ये सर्फ आली. १९६९ मध्ये अहमदाबादला करसनभाई पटेलांनी घरीच पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली, ती निरमा. किंमत सर्फच्या मानाने इतकी कमी, की मोठ्या कंपनीला घाम फुटला. त्याला उत्तर म्हणून ॲलेक पदमसींनी ललिताजी उभी केली, कविता चौधरींनी ती केली, आणि टीव्हीसमोर बसलेल्या अख्ख्या देशाला ती पाठ झाली.

म्हणजे साफसफाईच्या जाहिरातीत आपला देश कधीच मागे नव्हता. फक्त जाहिरात व्हायची ती पावडरीची. ती वापरून दुसऱ्याच्या घरचे कपडे धुणारी, लादी पुसणारी बाई "बाई"च राहिली. आडनावसुद्धा कोणी विचारत नसे.

तिला काम मिळायचं ते तोंडी. वॉचमनला विचारा, इस्त्रीवाल्याला विचारा, नाहीतर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना. पंधरा वर्षं चोख काम केलं तरी ती पत एका बिल्डिंगपुरती. चार बंगल्यावरून मरोळला खोली बदलली की पुन्हा शून्यापासून. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला, तेव्हा कुठे या बायकांची बातमी झाली. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा यायला २००८ उजाडलं!

छोट्या धंदेवाल्यांचं थोडं बरं होतं. लोखंडवालाचे टॉवर उभे राहिले, एमआयडीसीत ऑफिसं वाढली, तशी पाण्याच्या टाक्या, सोफे, गालिचे साफ करणारी दोन-चार पोरांची टोळकी निघाली. त्यांची जाहिरात म्हणजे पेपरात घातलेलं पिवळं पत्रक, विजेच्या खांबावर, जिन्यात चिकटवलेला स्टिकर. १९९५ मध्ये मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध कायदा आला, तरी स्टिकर काही गेले नाहीत. फोन बहुतेकांकडे नसायचा. कार्डावर किराणावाल्याचा नंबर, पुढे कंसात "पी.पी.". तरुण मंडळींना हे माहीत नसेल. पी.पी. म्हणजे शेजाऱ्याच्या फोनवर निरोप ठेवायचा, आणि त्याचा मूड चांगला असेल तर तो पोचायचा.

१९९६ मध्ये व्ही. एस. एस. मणी यांनी मुंबईत जस्ट डायल सुरू केलं. एका नंबरवर फोन करा, तुमच्या भागातला माणूस ते सांगणार. ही मोठीच सोय होती. पण यादीत वर दिसायचं तर पैसे भरा, आणि मुळात स्वतःचा फोन हवा.

खरा फरक पडला सप्टेंबर २०१६ नंतर. जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आलं, तेही फुकट. स्टेटस टाकायला ना पत्रक छापावं लागतं, ना वॉचमनला चहापाणी.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट मला वाटते ते दोन फोटो. साफसफाईचं काम असं आहे, की नीट झालं तर दिसतच नाही. स्वच्छ लादी बघून कोणी थांबतं का? न झालेलंच दिसतं. "आधी"चा फोटो ती घाण जपून ठेवतो, म्हणून "नंतर"ला किंमत येते. जे काम संध्याकाळपर्यंत पुसलं जायचं, त्याचा पहिल्यांदा पुरावा राहायला लागला, आणि तो करणारीच्या स्वतःच्या फोनमध्ये.

इथेच ॲपवाले आले. २०१४ मध्ये अर्बनक्लॅप निघालं, २०२० मध्ये त्याचं अर्बन कंपनी झालं. प्रशिक्षण, युनिफॉर्म, ठरलेला दर हे सगळं दिलं, ते नाकारून चालणार नाही. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये याच कंपनीच्या ब्युटीशियन बायका गुरुग्रामच्या ऑफिसबाहेर बसल्या, त्यांची तक्रार होती कमिशन आणि रेटिंगची. मार्च २०२५ मध्ये कंपनीने आपल्या मुंबईत तासाला ४९ रुपयांत घरकाम अशी सुरुवातीची ऑफर काढली, नाव "इन्स्टा मेड्स". "मेड" शब्दावरून आणि दरावरून टीका झाल्यावर नाव "इन्स्टा हेल्प" झालं.

आमच्या ताई आधी अशाच एका ॲपवर होत्या. शेकडो घरं केली, चांगले शेरे मिळाले. एके दिवशी आयडी बंद. कारण कळलं नाही. शेरे तिकडेच राहिले, गिऱ्हाइकांचे नंबर तर कधी दिसलेच नव्हते. पूर्वीची पत निदान तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या डोक्यात तरी असायची.

आता त्या प्रत्येक घराचा नंबर वहीत लिहितात, तारखेसकट. गुगल मॅपवर नोंद केलीये. घरचा पत्ता न दाखवता फक्त आपला भाग दाखवता येतो, हे अनेकींना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो. काम झालं की निघायच्या आधीच शेरा लिहून घेतात, "नंतर कोणी लिहीत नाही हो."

रविवारी आमच्याकडे आल्या होत्या. फोटो काढू का, म्हणून आधी विचारलं. मी म्हटलं, काढा. रात्री स्टेटसवर "आधी"चा फोटो बघून आमच्या सौ. माझ्याशी बोलायच्या बंद आहेत, कारण मागच्या टाइल्सवरून बी विंगमधल्या तिघींनी चिमणी कोणाची ते ओळखलं.